घरी सगळं येतं, पेपरात आठवत नाही

प्रश्न : मी रोज पाच-सहा तास अभ्यास करते. प्रत्येक धडा तीनदा वाचते, महत्त्वाच्या ओळी रंगवते. घरी सगळं येतंय असं वाटतं, पण चाचणीत पेपर हातात आला की डोकं कोरं होतं. माझी स्मरणशक्ती कमी आहे का? वार्षिक परीक्षेला सहा आठवडे उरलेत. अभ्यासाचे तास वाढवू का?

उत्तर : तास वाढवू नकोस. तुझी स्मरणशक्ती कमी आहे असंही पत्रावरून मला वाटत नाही. मी अडले ती 'घरी सगळं येतंय असं वाटतं' या वाक्यापाशी. तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीचं म्हणजे आलंच, असा आपला समज होतो. पेपरात मात्र पुस्तक समोर नसतं. तिथे आठवून लिहायचं असतं, आणि नेमका त्याचाच सराव तू केलेला नाहीस.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग तुझ्यासाठीच केल्यासारखा आहे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. बाकीच्यांनी तो एकदा वाचला आणि मग न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के, तर दुसरे ७५ टक्के. आठवड्यानंतर चित्र पालटलं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. घरी येतं आणि चाचणीत येत नाही, ते यामुळेच.

म्हणून आता धडा एकदाच, पण समजून वाच. पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही. अडलीस तरी लगेच पुस्तक उघडू नकोस. दोन मिनिटं आठवून बघ. त्या धडपडीतच गोष्ट पक्की होते. मग पुस्तकाशी ताडून सुटलेले मुद्दे वेगळ्या रंगाने लिही. पुढच्या वेळी अभ्यास त्या रंगातल्या मुद्द्यांपासून सुरू करायचा. ओळी रंगवायच्याच असतील तर रंगव, पण तो अभ्यास झाला असं धरू नकोस.

हाच धडा दुसऱ्या दिवशी पुन्हा न बघता लिही, मग चार-पाच दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी. मधल्या काळात थोडं विसरायला होईल, आणि तसं झालेलं चांगलंच. विसरत आलेलं पुन्हा आठवून काढलं की जास्त टिकतं. सहा आठवड्यांत एवढ्या फेऱ्या आरामात बसतात. शेवटच्या आठवड्यात नवा धडा घ्यायला लागू नये, इतकं वेळापत्रक आधीच आखून घे.

गणितात एका प्रकारची वीस उदाहरणं सलग सोडवू नकोस. तीन-चार प्रकरणांतली मिसळून घे. पेपरात कोणती रीत लावायची हे कुणी सांगत नाही, ते ओळखण्याचाही सराव हवा. आठवड्यातून एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, एका बैठकीत सोडव.

झोपेबद्दल तू काही लिहिलं नाहीस, तरी सांगते. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करत असतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून तीन धडे जास्त वाचलेस, तर आधी केलेल्या अभ्यासालाही धक्का बसेल.

पहिला आठवडा जड जाईल. कागदावर चार-पाचच मुद्दे उतरतील आणि आधीची पद्धतच बरी होती असं वाटेल. कृपा करून तेव्हा माघार घेऊ नकोस. ते चार-पाच मुद्दे म्हणजे तुला आज खरोखर किती येतं त्याचा हिशेब, आणि तो पेपर हातात येण्याआधी सहा आठवडे तुझ्या हातात आला आहे. ते कागद तारखा घालून जपून ठेव; तीन आठवड्यांनी पहिला आणि शेवटचा शेजारी-शेजारी ठेवून बघ आणि काय दिसलं ते मला कळव.