योगाने हृदयविकाराचा धोका कमी होतो का? आणि जनुकं खरंच बदलतात का?

धोका वाढवणाऱ्या गोष्टींवर योगाचा थोडाफार परिणाम दिसतो: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन. पण योगाने झटका टळतोच, असं सिद्ध झालेलं नाही.

आपल्याकडचा मोठा पुरावा म्हणजे ‘योगा-केअर’ हा अभ्यास. भारतातल्या २४ केंद्रांत, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. योग गटातली माणसं रोजच्या कामाला जास्त चांगली लागली, त्यांना तब्येतही बरी वाटली. मृत्यू, पुन्हा झटका यांत मात्र ठोस फरक दिसला नाही. माझ्या मते झटक्यानंतर घाबरून बसलेल्या माणसासाठी एवढंही फार मोलाचं आहे.

जनुकं बदलत नाहीत. कोणतं जनुक किती काम करतं, ते बदलू शकतं. ताण कायम राहिला की ‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन दाह (शरीराच्या आतली सूज) वाढवणारी जनुकं चालू करतं. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या, सतत थकवा असलेल्या स्त्रियांनी अमेरिकेत १२ आठवडे अय्यंगार योग (आपल्या पुण्याचाच) केला, तेव्हा या प्रथिनाचा प्रभाव कमी झाला. अभ्यास अगदी लहान होता आणि हृदयरोग्यांवर नव्हता.

रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट बसवली असेल तर शीर्षासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.