‘इंटरसेप्टर’ अडवतो की हटकतो?

प्रश्न असा आहे: सर्व्हरवर चालणाऱ्या वेब फ्रेमवर्कची माहितीपुस्तिका मराठीत करताना ‘इंटरसेप्टर’साठी (रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडे आलेली मागणी, वाटेत धरणारा कोडचा भाग) ‘अवरोधक’ आणि क्रियापद म्हणून ‘अडवणे’ घेतलं, तर ‘इंटरसेप्टर प्रत्येक रिक्वेस्ट अडवतो’ असं वाक्य होतं. त्यावर वाचणारा विचारतो, प्रत्येक अडवली तर कंट्रोलरपर्यंत, म्हणजे तिचं मुख्य काम करणाऱ्या कोडपर्यंत, पोचते कोण? मग नेमका शब्द कोणता?

वाचणाऱ्याची शंका रास्त आहे. ‘अडवणे’, ‘रोखणे’, ‘अवरोध’ या सगळ्यांत निकाल आधीच लागलेला असतो: पुढे जाणं बंद. इंटरसेप्टरचं काम मात्र निकालाच्या आधी सुरू होतं. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे, धरणे. मध्येच धरलं, एवढंच. सोडायचं की नाही हे नंतर ठरतं. याला मराठीत घडवलेला संस्कृत शब्द शोधत बसायची गरज नाही, ‘हटकणे’ आहे. पहारेकरी हटकतो तेव्हा कोण, कुठे, कशाला हे विचारतो. उत्तर पटलं तर सोडतो, नाही पटलं तर माघारी धाडतो. लॉगिन, टोकन (ओळखीचा पुरावा), परवानगी तपासणाऱ्या इंटरसेप्टरचं वर्णन याहून नेमकं होणार नाही.

पण एक अडचण आहे. ‘हटकणे’त थोडा संशय असतो, दरडावणीही असते. रिक्वेस्टला किती वेळ लागला याची नोंद करणारा किंवा वापरणाऱ्याची भाषा ठरवणारा इंटरसेप्टर कुणालाच हटकत नाही. तिथे ‘वाटेत गाठणे’ बरं.

आता नेमकं काय घडतं ते पाहू, कारण क्रियापदं त्यावरच ठरतात. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमधल्या हँडलरइंटरसेप्टरला तीन मेथड (ठरलेल्या वेळी चालणारे कोडचे तुकडे) असतात: प्रीहँडल (कंट्रोलरच्या आधी), पोस्टहँडल (कंट्रोलरनंतर), आफ्टरकंप्लीशन (सगळं आटोपल्यावर). समजा अ, ब, क असे तीन इंटरसेप्टर याच क्रमाने नोंदवले आहेत. जाताना प्रीहँडल अ, ब, क अशी चालते. येताना पोस्टहँडल क, ब, अ अशी. ब ने प्रीहँडलमधून ‘फॉल्स’ (म्हणजे ‘नाही’) दिलं, तर क ला कुणी विचारत नाही, कंट्रोलर चालत नाही, पोस्टहँडल एकाचीही होत नाही, आणि आफ्टरकंप्लीशन फक्त अ ची होते, कारण ‘ट्रू’ (‘हो’) म्हणून मोकळा झालेला तो एकटाच. कंट्रोलरमध्ये एक्सेप्शन उडालं (चालताना चूक झाली) तरी पोस्टहँडल होत नाही, आफ्टरकंप्लीशन मात्र होते. म्हणून प्रीहँडलमध्ये घेतलेलं काही मोकळं करायचं असेल तर ते आफ्टरकंप्लीशनमध्ये.

हे मराठीत लिहिताना ‘फॉल्स दिल्यास रिक्वेस्ट थांबते’ असं लिहू नका. ‘फॉल्स’चा अर्थ ‘उत्तराचं मी पाहिलं आहे’ असा आहे. नुसतं ‘फॉल्स’ देऊन स्टेटस (निकाल सांगणारा आकडा) लावलाच नाही, तर समोरच्याला २०० (‘ठीक’) स्टेटसचं कोरं उत्तर जातं आणि सगळं सुरळीत झालं असं त्याला वाटतं. ४०१ (ओळख पटली नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) लावून पाठवलं की ते खरं ‘परतवणे’. एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये हीच चूक वेगळी दिसते: मिडलवेअरने (तिथल्या इंटरसेप्टरसारख्या मधल्या टप्प्याने) ‘नेक्स्ट’ला, म्हणजे रिक्वेस्ट पुढे सोपवणाऱ्या फंक्शनला, हाक मारली नाही आणि उत्तरही पाठवलं नाही, तर रिक्वेस्ट टाइमआउट होईपर्यंत लटकून राहते. हिच्यासाठी ‘ताटकळणे’ इतका चपखल शब्द आहे की तो सोडून ‘प्रलंबित राहणे’ लिहिणाऱ्याचं नवल वाटतं.

पोस्टहँडलला ‘नंतर’ म्हणतानाही जपून. कंट्रोलर थेट जेसन (मजकुराच्या रूपातला डेटा) परत करत असेल, तर पोस्टहँडलची पाळी येईपर्यंत उत्तर बहुधा रवाना झालेलं असतं. तिथे हेडर (उत्तरासोबत जाणारी माहिती) लावणं म्हणजे वरातीमागून घोडे. हेडर लागत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही.

इंटरसेप्टरच्याही आधी रिक्वेस्ट हाती घेणाऱ्या ‘फिल्टर’ला काहीजण ‘गाळणी’ म्हणतात. गाळणी द्रवासाठी, चाळणी कोरड्यासाठी, हा घरातला भेद बाजूला ठेवला तरी दोन्हींत काही खाली जातं, काही वर उरतं. रिक्वेस्टचं असं अर्धं-अर्धं होत नाही. शिवाय जावामधला सर्व्हलेट फिल्टर रिक्वेस्टवर स्वतःचं वेष्टन चढवून ती पुढे देऊ शकतो. गाळणी काही गुंडाळत नाही. ‘फिल्टर’ मराठीत रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा. फिल्टर डिस्पॅचरच्या (रिक्वेस्ट योग्य कंट्रोलरकडे धाडणाऱ्या भागाच्या) बाहेर, इंटरसेप्टर आत, हा फरक मात्र एकदा स्पष्ट लिहा.

‘मिडलवेअर’ला ‘मध्यस्थ’ नको. मध्यस्थ दोघांत समेट घडवतो, आणि हा शब्द प्रॉक्सीसाठी (दुसऱ्याच्या वतीने रिक्वेस्ट पाठवणाऱ्या सर्व्हरसाठी) राखून ठेवलेला बरा. (जाता जाता: ‘रिक्वेस्ट’ला ‘विनंती’ म्हणण्याची सक्तीही नको. डिलीटची रिक्वेस्ट कुणाची विनवणी करत नसते.)

राहिलं नाम. तिथे ‘इंटरसेप्टर’च ठेवावा, कारण कोडमध्ये तोच शब्द आहे आणि वाचणारा शोधणार तोही तोच. मराठीपण क्रियापदांत आणा. मूळ वाक्य मग असं होईल: ‘इंटरसेप्टर प्रत्येक रिक्वेस्टला कंट्रोलरच्या आधी गाठतो, टोकन नसेल तर हटकतो आणि ४०१ देऊन परतवतो, असेल तर पुढे सोडतो.’