रक्ताची एक टेस्ट केली की आईचा विसराळूपणा कळेल का?

प्रश्न : आई ७१ वर्षांची आहे, गेले वर्षभर तेच तेच परत विचारते, मध्यंतरी दूध गॅसवर ठेवून देवळात निघून गेली. अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो आता अल्झायमर रक्ताच्या टेस्टमधे कळतो, तर डायरेक्ट तीच करून टाकू का? मी ४३ ची, मी पण चाव्या, नावं विसरते, माझीही सोबत करू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, भाऊ म्हणतात ते खरंय, मे २०२५ मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-तपासण्यांना परवानगी देणारी तिथली सरकारी संस्था) अशा पहिल्या टेस्टला मान्यता दिली. पण ती ५५ च्या पुढच्या, लक्षणं दिसणाऱ्या आणि स्पेशालिस्टकडे आलेल्या पेशंटसाठी आहे, म्हणजे तुमचा नंबर इथेच कटला, चाव्या तर मी पण रोज शोधतो!

ह्या टेस्टमधे रक्तातलं पी-टाऊ २१७ (टाऊ नावाच्या प्रोटीनचा एक प्रकार) आणि अमायलॉइड (अल्झायमरमधे मेंदूत साचतं ते) ही दोन प्रोटीनं मोजतात आणि त्यांच्या प्रमाणावरून मेंदूत अमायलॉइड साचलंय का त्याचा अंदाज घेतात. ४९९ जणांच्या अभ्यासात पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी ९१.७ टक्के लोकांना पेट स्कॅन (PET, मेंदूचा एक स्कॅन) किंवा पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत खरंच अमायलॉइड निघालं, निगेटिव्हवाल्यांत ९७.३ टक्के लोकांना ते खरंच नव्हतं, आणि २० टक्क्यांच्या आत लोकांचं धड ना हो धड ना नाही.

आकडे भारीच आहेत, पण आईची स्मरणशक्ती किती शिल्लक आहे ते हा रिपोर्ट सांगत नाही, आणि लोक नेमके इथेच गंडतात. अमायलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साचायला लागतं, त्यामुळे रिपोर्ट पॉझिटिव्ह पण माणूस बँकेचे व्यवहार स्वतः बघतोय असंही असतं. विसरण्याशी जास्त जवळचं नातं टाऊचं, पी-टाऊ २१७ वाढत गेलेल्यांची स्मृती पुढे जास्त वेगाने घसरते असं अभ्यासांत दिसलंय, पण ते सरासरीचं गणित झालं, एकट्या आईचं भविष्य त्यात बघू नका. शिवाय किडनी कमजोर असेल तर पी-टाऊ उगाच वाढलेलं दिसू शकतं, म्हणून क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट असेल तर सोबत ठेवा.

आधी न्यूरोलॉजिस्टकडे जा. ते घड्याळ काढायला लावतील, १०० मधून सात-सात वजा करायला सांगतील, पाच शब्द थोड्या वेळाने परत विचारतील, आईला राग येईल, येऊ दे. बी-१२, थायरॉइड, एमआरआय, ऐकू नीट येतं का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, डिप्रेशन आहे का हे सगळं बघायचं, कारण ह्यातलं बरंच सुधारता येतं, आणि आई शाकाहारी असेल तर बी-१२ आधी. एवढं होऊनही डॉक्टरांना अल्झायमरचीच शंका राहिली तर मग ही टेस्ट कामाची.

तुमच्यासाठी मात्र नको. ४३ व्या वर्षी पॉझिटिव्ह आली तरी त्यावर आज द्यायला औषध नाही, नुसती झोप उडेल. त्यापेक्षा बीपी, शुगर तपासून घ्या.

आणि हो, गॅसला टायमरवाला ऑटो कटऑफ मिळतो, तो ह्याच आठवड्यात बसवा, त्याला कुठल्याच रिपोर्टची वाट बघू नका.