मेमध्ये टोरोंटोत वांगी लावायची तर

ताई, फेब्रुवारीत यावलहून टोरोंटोला येताय. भरताच्या वांग्याचं बी आणू का आणि मेमध्ये कुंडीत लावता येईल का, असं विचारलंत. बी सामानात दडवून आणू नका. नियम आधी बघा, विमानतळावर सांगा. नाही जमलं तर इथली जांभळी वांगी घ्या. बामणोदच्या वांग्याची सर नाही, पण भरीत होतं.

लावता येईल, पण रोप घरातच करावं लागतं. मार्चच्या मध्याला ट्रेमध्ये बी टाकलं की मेअखेर रोप लावणीजोगं होतं. खरी मेख पुढे आहे. पहिल्या वर्षी खिडकीतली हिरवीगार रोपं मी मेमधल्या एका शनिवारी थेट अंगणात ठेवली. तापमान १८ अंश. मी रावेरचा, ४४ अंशांत वाढलेला. मला ते ऊन वाटलंच नाही. दोन दिवसांत पानं पांढरी, कागदासारखी. थंडीने नाही, उन्हाने मारली! काचेतून अतिनील किरणांचा तीव्र भाग (यूव्ही-बी) फारसा येत नाही, घरात वाराही नाही. म्हणून पानावरचा मेणाचा थर पातळ आणि खोड लेचंपेचं राहतं.

आपल्याकडे टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली केळीची रोपं बाटलीतून काढून आधी पॉलिहाऊसमध्ये, मग शेडनेटमध्ये ठेवतात आणि मगच शेतात नेतात. तेच हार्डनिंग, म्हणजे रोपांना हळूहळू बाहेरची सवय लावणं, इथे ट्रे उचलून करायचं. पहिल्या दिवशी भिंतीच्या आडोशाला सावलीत तासभर. मग रोज तास-दोन तास वाढवा. चार दिवसांनी सकाळचं कोवळं ऊन, शेवटी दुपारचं. आठ-दहा दिवस लागतात. पाणी थोडं कमी, पण रोपांनी माना टाकेपर्यंत नाही, खत बंद. वारं सुटलं असेल त्या दिवशी बाहेर काढूच नका. केळीच्या बागेभोवती आपण शेवरी उगाच नाही लावत.

रात्री पारा १० अंशांकडे उतरला की वांगी-मिरची आत. केळीला हिवाळ्यात बसतो तसाच चटका यांनाही बसतो, वाढ थिजते. कोबी मात्र हलकं हिमही सोसते. इथले लोक व्हिक्टोरिया डे, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, धरून लावणी करतात. वांग्याला मी आणखी आठवडा थांबतो, कारण माती हवेपेक्षा उशिरा तापते. भाड्याच्या घरात २० लिटरची काळी बादली बरी, ती लवकर तापते.

नोकरी असेल तर शनिवारी सुरुवात करा. पुढे संध्याकाळीही जमतं; मेअखेर इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो.