लकव्यानंतर रोबोटवर चालणं

प्रश्न : वडील 58 वर्षांचे, यंत्रमागावर कामाला होते. पाच आठवड्यांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं. धरलं तर उभे राहतात, पण पाऊल पडत नाही. पुण्यात रोबोटवर चालवतात असं ऐकलं. न्यावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : वेळ योग्य आहे. ज्यांना अजून चालता येत नाही आणि झटक्याला तीन महिने झालेले नाहीत, त्यांनाच या यंत्राचा जास्त उपयोग होतो, तोही फिजिओथेरपी चालू ठेवून. 2020च्या कॉक्रेन आढाव्यात (जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) 62 चाचण्या तपासल्या. साधारण आठ जणांना ही जोड दिली, तर एक जास्तीचा रुग्ण आधाराविना चालू लागतो, असा हिशेब निघाला. चमत्कार नाही, पण कमीही नाही.

लोकोमॅटसारख्या यंत्रात रुग्णाला पट्ट्यांनी वर टांगून ट्रेडमिलवर उभं करतात. खुबा आणि गुडघा मोटर हलवते, पंजा मात्र नुसत्या पट्ट्याने उचलून धरलेला असतो. ताशी दीड किलोमीटर वेगाने 20 मिनिटांत अर्धा किलोमीटर, म्हणजे हजाराच्या आसपास पावलं होतात. दोघांनी धरून चालवताना पन्नास पावलांतच सगळे घामाघूम.

घोळ होतो तो इथे : मोटरच सगळं करू लागली की रुग्ण पाय सैल सोडतो. म्हणून रोज विचारा, 'आज पट्ट्यांनी अंगाचं किती टक्के वजन उचललं? मोटरची मदत किती?' दोन्ही आकडे आठवड्यागणिक उतरायला हवेत. यंत्राचा सांधा गुडघ्याच्या रेषेत नसेल तर पट्ट्याखाली कातडी सोलते. डाव्या बाजूची जाणीव कमी असेल तर ते त्यांना कळणारही नाही. उतरवल्यावर मांडी-पोटरी स्वतः बघा.

पायात नवी रक्ताची गाठ, न जुळलेलं हाड, फार ठिसूळ हाडं, आखडलेला सांधा, उघडी जखम किंवा उभं राहताच बीपी पडणं, यातलं काही असेल तर यंत्र नको.

दहा दिवस पुण्याला राहून परत आल्यावर सगळं बंद, असं होणार असेल तर तो खर्च सोलापुरातल्या रोजच्या फिजिओथेरपीवर करा. घरी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून उठ-बस दहा-दहाच्या तीन फेऱ्या, डावी टाच जमिनीला टेकलेली. उठवताना डावा हात ओढू नका, खांदा निखळतो. पंजा लोंबत असेल तर डॉक्टरांना विचारून एएफओ पट्टी (घोटा आणि पाऊल सरळ धरून ठेवणारी) बसवून घ्या. ती बुटाशिवाय ओल्या शहाबादी फरशीवर हमखास घसरते.