ट्रान्सफॉर्मर, रोहित्र आणि अवधान

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: 'आमच्या एका विद्यार्थिनीने प्रकल्पाचा सारांश मराठीत लिहिला. त्यात "रोहित्र-आधारित भाषा मॉडेल" असे शब्द आले आहेत. ट्रान्सफॉर्मरला मराठीत रोहित्र म्हणतात हे बरोबर, पण चॅटजीपीटीसारख्या प्रणालींमागे जो ट्रान्सफॉर्मर असतो त्याला हा शब्द चालेल का? त्याच सारांशात 'अटेन्शन मेकॅनिझम'साठी "ध्यान यंत्रणा" असेही आहे. ते ठीक आहे का?'

माझे मत: रोहित्र काढा आणि ट्रान्सफॉर्मरच ठेवा. ध्यान काढा आणि अवधान लिहा. दोन्ही ठिकाणी विद्यार्थिनीने मराठी शब्द शोधला, ही वृत्ती मात्र जपायला हवी. त्यामुळे नुसता निकाल न देता कारणे जरा विस्ताराने सांगतो.

आधी रोहित्र. तांत्रिक मराठीतल्या घडीव शब्दांपैकी मला हा फार आवडतो. 'रुह्' म्हणजे चढणे, वाढणे. आरोह, अवरोह, आरोहण या शब्दांत हाच धातू आहे. त्याला 'इत्र' हा साधन सांगणारा प्रत्यय लागला आहे. खणायचे साधन ते खनित्र, कापायचे ते लवित्र, नाव वल्हवायचे ते अरित्र. पाणिनीने या प्रत्ययासाठी सात धातूंची नावे घेतली आहेत (३.२.१८४). रुह् त्यांत नाही, पण साचा ओळखीचा असल्यामुळे नव्या शब्दकर्त्यांनी तो पुढे चालवला. वीज निर्माण करते ते जनित्र आणि विजेचा दाब चढवते ते रोहित्र, अशी देखणी जोडी त्यातून मिळाली.

गंमत अशी की आपल्या रोजच्या पाहण्यातले रोहित्र दाब चढवत नाही, उतरवते. चौकातल्या दोन खांबांवरचे वितरण रोहित्र ११,००० व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर आणते आणि मग ती घराघरांत जाते. चढवण्याचे काम वीजनिर्मिती केंद्रापाशी होते. व्युत्पत्ती काटेकोर लावली तर गावातल्या रोहित्राला 'अवरोहित्र' म्हणावे लागेल, पण तसे कोणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. शब्द एकदा वस्तूला चिकटला की त्याचा अर्थ वस्तू ठरवते, धातू नाही. महावितरणच्या कागदपत्रांत तो पक्का बसला आहे. 'रोहित्र जळाल्याने गाव अंधारात' ही बातमी मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. (शेतावर बोलताना मात्र ती 'डीपी' असते, तीही स्त्रीलिंगी: डीपी जळाली, नवी डीपी बसली. हाही चांगला जिवंत शब्द आहे.)

रोहित्र म्हटले की मराठी मनात पोलादी पत्र्यांचा गाभा, तारांची वेटोळी, तेलाची टाकी आणि गुणगुण उभी राहते, आणि अडचण इथेच आहे. इंग्रजी शब्दाचे तसे झाले नाही. गोलार आणि गिब्ज यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला असे उपकरण दाखवले, तेव्हा त्याला 'दुय्यम जनित्र' अशा अर्थाचे नाव होते. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघांनी बंद गाभ्याची रचना केली. ट्रान्सफॉर्मर हे नाव ब्लाथी यांचे मानले जाते. त्या नावात 'रूप बदलणारा' हा साधा अर्थ आजही मोकळेपणाने ऐकू येतो, म्हणून पुढे दुसऱ्या कोणत्याही रूप बदलणाऱ्या गोष्टीला ते देता आले. रोहित्रात रूप बदलणे नाही, चढणे आहे. भाषेचे मॉडेल काही चढवत नाही, म्हणून तिथे रोहित्र लिहिले की ना व्युत्पत्ती जुळते, ना रूढ अर्थ.

भाषेचा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भाषा हाताळणाऱ्या संगणकीय मॉडेलची एक रचना, जन्मला २०१७ मध्ये. गूगलमध्ये काम करणाऱ्या मंडळींच्या 'अटेन्शन इज ऑल यू नीड' या शोधनिबंधावर आठ नावे आहेत. पहिले नाव आशिष वासवानी यांचे. त्यांतल्या निकी परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले. निबंधाचा विषय होता यांत्रिक भाषांतर: इंग्रजीतून जर्मन आणि फ्रेंच. नाव सुचण्यामागचे कारणही नोंदले गेले आहे. सहलेखक याकोब उस्कोराइट यांना या शब्दाचा नाद आवडला, आणि सुरुवातीच्या एका मसुद्यात तर त्याच नावाच्या प्रसिद्ध यंत्रमानव-खेळण्यांमधल्या पात्रांची चित्रे होती. म्हणजे हे वर्णनापेक्षा बारसे जास्त आहे. बारशाच्या नावाचे भाषांतर करू नये, असे मला वाटते.

'रूपांतरक' हा पर्यायही कोणी सुचवेल. तो चुकीचा नाही, पण पुरेसा नाही. कोणतेही न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारे, आकडेमोडीच्या थरांचे संगणकीय जाळे) आत आलेल्या आकड्यांचे रूपांतरच करत असते, त्यामुळे या एका रचनेचे वेगळेपण त्या शब्दात येत नाही. 'परिवर्तक' तर आधीच कामाला लागलेला आहे. चंद्रपूर ते पडघे या ५०० केव्ही (किलोव्होल्ट) एकदिश (डीसी) वाहिनीच्या दोन्ही टोकांना प्रत्यावर्ती (एसी) विजेची एकदिश आणि एकदिशची प्रत्यावर्ती करणारी जी यंत्रणा आहे, तिला परिवर्तक म्हणतात. त्या शब्दावर आणखी भार टाकायला नको. शिवाय जीपीटीतला 'टी' म्हणजे ट्रान्सफॉर्मर. २०१८ मध्ये आलेल्या बर्ट या मॉडेलच्या नावातला शेवटचा 'टी'ही तोच. नाव बदलले तर वाचकाला हा धागा सापडणार नाही.

ट्रान्सफॉर्मर आणि रोहित्र हे दोन शब्द वेगळे ठेवण्याचा मराठीला एक घसघशीत फायदा आहे, आणि तो विद्युत अभियांत्रिकीच्या चालू संशोधनातच दिसतो. मोठ्या रोहित्राच्या तेलात बिघाडाचे वायू विरघळतात. आत ठिणगी-ज्वाला उठली की ॲसिटिलीन वाढतो, तेल फार तापले की एथिलीन वाढतो, लहान लहान विद्युत विसर्जने होत असली की हायड्रोजन वाढतो, आणि कागदी वेष्टन जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड दिसू लागतो. तेलाचा नमुना घेऊन या वायूंच्या प्रमाणावरून बिघाड ओळखण्याची पद्धत जुनी आहे. अलीकडे संशोधक त्या नोंदी न्यूरल नेटवर्कला देतात, आणि त्यासाठी ट्रान्सफॉर्मर रचनाही वापरून पाहतात. आता इंग्रजीत त्या निबंधाचे शीर्षक कसे होते ते पाहा: ट्रान्सफॉर्मरने ट्रान्सफॉर्मरमधला दोष शोधणे. कोण कोणाचा दोष शोधतो आहे हे कळायला वाक्य पुन्हा वाचावे लागते. मराठीत सरळ लिहिता येते: 'रोहित्रातील बिघाड ओळखण्यासाठी ट्रान्सफॉर्मर मॉडेल'. तसेच, ट्रान्सफॉर्मर चालवणाऱ्या प्रचंड डेटा सेंटरांना वीज पुरवायला नवी रोहित्रे लागतात, हे वाक्यही मराठीत एका वाचनात समजते. ही आयती मिळालेली सोय आपण आपल्या हाताने का घालवायची?

आता ध्यान आणि अवधान. माझ्या मते वाचकाच्या प्रश्नाचा मोलाचा भाग हाच आहे, कारण इथे आपल्यासमोर नुसते नाव नसून कल्पना आहे. कल्पनेला मराठी शब्द हवाच.

कल्पना अशी. 'पाटाला पाणी सोडलं' आणि 'तो पाटावर बसून जेवला' ही दोन वाक्ये घ्या. पहिला पाट शेतातला, दुसरा लाकडाचा. मॉडेलमध्ये प्रत्येक शब्द आकड्यांच्या यादीच्या रूपात येतो. २०१७च्या मूळ रचनेत ही यादी ५१२ आकड्यांची होती. (प्रत्यक्षात मॉडेल शब्दांचे आणखी तुकडे पाडते, 'पाटाला' हे अखंड राहीलच असे नाही, पण समजण्यापुरते शब्द धरू.) सुरुवातीला दोन्ही पाटांची यादी एकच. मग प्रत्येक शब्द वाक्यातल्या सगळ्या शब्दांकडे पाहतो आणि कोणाला किती महत्त्व द्यायचे ते ठरवतो. या महत्त्वांची बेरीज १ होईल असे आकडे बसवले जातात. पहिल्या वाक्यातला पाट 'पाणी' आणि 'सोडलं' यांना जास्त वजन देतो, दुसऱ्यातला 'बसून' आणि 'जेवला' यांना. त्या वजनांनुसार इतर शब्दांकडून माहिती येऊन पाटाच्या यादीत मिसळते. मूळ रचनेत वाक्य वाचणाऱ्या भागात असे ६ थर होते. थरामागून थर हे घडत गेले की एकाच यादीपासून निघालेले दोन पाट एकमेकांपासून दूर जातात.

त्याआधीची न्यूरल नेटवर्के वाक्य एकेक शब्द करत वाचत आणि वाचलेल्याचे सार पुढे नेत. वाक्य लांबले की सुरुवातीचा शब्द फिका पडे. २०१४ मध्ये बाहदानाउ, चो आणि बेन्जिओ या संशोधकांनी भाषांतरासाठी या वाचनाला 'अटेन्शन'ची जोड दिली: प्रत्येक नवा शब्द लिहिताना मूळ वाक्यात कुठे पाहायचे, ते यंत्राने स्वतः शिकायचे. २०१७च्या निबंधाने एकेक करून वाचणे काढूनच टाकले आणि फक्त हे पाहणे ठेवले. तेवढे पुरते, असा दावा शीर्षकातच केला.

याला ध्यान म्हणायची सवय हिंदीतून आली असावी. हिंदीत 'ध्यान देना' म्हणजे लक्ष देणे, आणि तिथे ते अगदी योग्य आहे. मराठीत ध्यान म्हणजे मुख्यतः डोळे मिटून चित्त एका ठिकाणी लावणे. विठ्ठलाचे सुंदर ध्यान म्हणतो तेव्हा ते रूप असते, आणि एखाद्या विचित्र दिसणाऱ्या माणसाला 'काय ध्यान आहे' म्हणतो तेव्हाही रूपच. 'ध्यान यंत्रणा' वाचून मराठी वाचकाला ध्यानधारणेचे ॲप आठवले तर त्याचा दोष नाही. शिवाय ध्यानात बाकीचे सगळे सुटून एकच उरते. इथे उलट, सगळ्यांकडे एकदम पाहून वजन वाटून द्यायचे असते.

हे वाटून देणे अवधान या शब्दात पूर्वीपासून आहे. एकाच वेळी आठ गोष्टींचे भान ठेवणारा तो अष्टावधानी, शंभरांचे ठेवणारा शतावधानी. तेलुगू आणि कन्नड प्रदेशात अवधान ही विद्वत्सभेतली कलाच आहे: अनेक पृच्छक एकामागून एक अडवतात आणि अवधानी सगळ्यांचे धागे सांभाळून पद्ये पुरी करतो. मराठीत 'अष्टावधानी' घरादाराच्या बोलण्यात आहे. मूळ ट्रान्सफॉर्मरच्या प्रत्येक थरात असे वजन ठरवणारे ८ भाग शेजारी शेजारी काम करतात, कोणी एका प्रकारचे नाते टिपतो, कोणी दुसऱ्या. हे ८ वाचले तेव्हा मला मनापासून आनंद झाला. अष्टावधान हा शब्द याहून नेमका कुठे लागणार? पुढच्या मॉडेलांत ही संख्या वाढली (जीपीटी-३ मध्ये एका थरात असे ९६ भाग आहेत), म्हणून सर्वसाधारण संज्ञा म्हणून 'बहुविध अवधान' म्हणावे. इंग्रजी 'मल्टी-हेड'चे 'बहुशीर्ष' हे शब्दशः भाषांतर रावणाची आठवण करून देते, त्याची गरज नाही.

अवधान पंडिती वाटेल ही शंका मी ऐकली आहे. पण 'अनवधानाने चूक झाली' हे वाक्य शाळकरी मूलही लिहिते. ज्या शब्दाचा नकार इतका रुळलेला आहे, त्याचा होकार परका कसा? मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अवधान ही संज्ञा आहेच. आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत ज्ञानदेव श्रोत्यांकडे हेच मागतात: अवधान द्या, म्हणजे सर्व सुखांना पात्र व्हाल, ही माझी उघड प्रतिज्ञा आहे. एक अवधान दिले की बाकी सारे मिळते, असे मराठीत १२९० साली सांगून झालेले आहे. २०१७च्या निबंधाचे शीर्षक मराठीत आणताना दुसरा शब्द वापरायचा मला धीर होणार नाही.

'लक्ष' हा सोपा शब्द टाकून द्यायचा असे मात्र नाही. समजावून सांगताना 'कोणत्या शब्दाने कोणाकडे किती लक्ष द्यायचे' हेच लिहावे, यापेक्षा स्वच्छ मराठी नाही. संज्ञा म्हणून मात्र लक्ष अडचणीचा आहे, कारण लक्ष म्हणजे लाख हा अर्थ आकड्यांनी भरलेल्या मजकुरात मध्ये येतो आणि 'लक्ष्य'शी त्याची गल्लत नेहमीचीच. क्रियापद 'लक्ष देणे', संज्ञा 'अवधान', अशी वाटणी मला पटते.

ज्या अवधानात एकाच वाक्यातले शब्द एकमेकांकडे पाहतात, त्याला सारांशात 'स्व-अवधान' म्हटलेले असेल तर तेही बदलावे. त्यातून शब्द स्वतःकडेच पाहतो असा अर्थ निघतो. 'अंतर्गत अवधान' म्हणा. भाषांतर करताना मराठी वाक्यातला शब्द मूळ इंग्रजी वाक्याकडे पाहतो, तिथे 'परस्थ अवधान' म्हणता येईल. हा शब्द मी घडवला आहे, कोशात शोधू नये. कोणाला याहून बरा सुचला तर तो घ्यावा.

राहिले लेखन आणि लिंग. ट्रान्सफॉर्मर असेच लिहावे, 'ट्रांस' नको, कारण मराठी उच्चारात न स्पष्ट आहे. सुटा शब्द पुल्लिंगी: तो ट्रान्सफॉर्मर. मॉडेल जोडले की नपुंसकलिंगी: ते ट्रान्सफॉर्मर मॉडेल, त्याचे अवधान, त्याचे थर.