त्याच घरी परत जा

लेकरा,

तुझा मेसेज वाचला. ब्रिटनच्या पंतप्रधान होत्या त्या थॅचरबाईंवरचा पेपर अडकलाय म्हणून लिहिलास, पण निम्मा मेसेज तर तुझ्या बापाबद्दलच हाय. सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं, कृषी केंद्राची उधारी तशीच, तरी बाप म्हणतो मोदी चांगला, अन् तू भर जेवणात त्याला म्हणलास की तुमच्यासारख्यांमुळंच हे असं चाललंय. ताटावरनं उठून गेला म्हणतोस. जाणारच की.

ते तुझं घरचं, तू बघ. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. एम.ए.ला लोकमत विषय घेतलास, अन् एका माणसाला एकदाच, एकाच प्रश्नात, ताट समोर असताना विचारून त्याचं मत ठरवून मोकळा झालास? अरे मी तुला पहिल्या वर्षापासून एकच सांगायलोय, त्याच माणसाकडं परत जा. दुसरं काही सांगितलंच नाही म्हणलं तरी चालेल. तू मान हलवायचास, मला वाटायचं समजलं.

आता पेपरचं बघू. तू लिहिलंस, "1981 मध्ये जनता थॅचर यांच्या विरोधात होती, फॉकलंडच्या युद्धाने ती त्यांच्या बाजूला आली." फॉकलंड म्हणजे 1982 ला त्या बेटांवरनं अर्जेंटिनाशी झालेलं युद्ध. एका वाक्यात दोन वर्षं गिळलीस बाबा. 1979 च्या मे महिन्यात बाई आल्या, पुढच्या वर्षी महागाई 22 टक्क्यांपर्यंत गेली, व्याजदर 17 टक्के, कारखाने धडाधड बंद. 1981 च्या मार्चमध्ये मंदी चालू असताना त्यांच्या सरकारनं कर वाढवले, तेव्हा 364 अर्थतज्ज्ञांनी वर्तमानपत्रात पत्र छापून सांगितलं की हे धोरण चुकतंय. त्याच वर्षी लंडनच्या ब्रिक्स्टनला अन् लिव्हरपूलच्या टॉक्स्टेथला दंगली झाल्या. 1982 च्या जानेवारीत बेकार 30 लाखांच्या वर. 1981 च्या डिसेंबरात गॅलपच्या पाहणीत लिबरल अन् सोशल डेमोक्रॅट यांची आघाडी 50 टक्क्यांच्या वर होती, म्हणजे बाईंचा हुजूर पक्ष अन् विरोधातला मजूर पक्ष दोघं मिळून तिच्या मागं. त्या दिवशी कुणी तुझ्यासारखं एकदाच विचारून निघून गेलं असतं तर त्यानं लिहिलं असतं, बाई संपली.

अन् 1983 च्या जूनमध्ये काय झालं, 397 जागा. बहुमत 43 वरनं 144 वर.

पण इथं थांब, इथंच तू घसरलास. हुजूर पक्षाची मतं 1979 ला 43.9 टक्के होती, 1983 ला 42.4. कमी झाली! मजूर पक्ष 27.6 वर आला, आघाडी 25.4 वर, म्हणजे दोघांत फार फरक नाही, पण जागा बघ, मजूर पक्षाला 209 अन् आघाडीला 23. तिकडं पण आपल्यासारखंच, मतदारसंघात ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, दुसरा-तिसरा गेला वाऱ्यावर. मग "जनता बाजूला आली" हे कुठनं काढलंस? जनता फुटली होती, विरोधातली. अन् युद्धाचं म्हणशील तर पाहण्यांमध्ये बाईंची परिस्थिती 1982 च्या सुरुवातीलाच, युद्धाच्या आधीच, सुधारायला लागली होती. अभ्यासकांमध्ये याच्यावर अजून भांडण हाय, युद्धाचा वाटा किती अन् खिशाचा किती. ते भांडण पेपरात यायला पाहिजे, तू तर निकाल लावूनच बसलास.

समज तिकडचा एक कामगार हाय. 1980 च्या कायद्यानं त्याला राहतं सरकारी घर सवलतीत विकत मिळालं. मेव्हण्याची नोकरी गेली, याची टिकली. 81 ला विचारलं की बाईंच्या कामावर समाधानी का, तर हा म्हणणार नाही, अन् खरंच नाही. दीड वर्षानं त्याच्याकडं परत गेलास तर महागाई 4 टक्क्यांच्या खाली आलेली, पगार पुरायला लागलेला, मेव्हणा मात्र अजून घरीच, कारण बेकार तर तेव्हाही 30 लाखांच्या पुढंच होते. तोच माणूस आता बाईला मत देतो. मागं खोटं बोलला होता का? नाही. मागच्या वेळी तू त्याला बाईबद्दल विचारलंस, आता मतपत्रिकेनं त्याला विचारलं की बाई, का मजूर पक्षाचा मायकल फूट, का तिसरे. प्रश्नच बदलला. हे परत गेल्याशिवाय कळत नाही, कितीही डोकं चालव. तिकडं बटलर अन् स्टोक्स या दोन अभ्यासकांनी 1963 पासून हेच केलं, तीच माणसं परत परत गाठून विचारलं, अन् तेव्हा कळलं की वरनं आकडा स्थिर दिसला तरी खाली माणसं इकडनं तिकडं केवढी सरकतात.

अमेरिकेच्या रेगनचं पण तसंच. 1983 च्या जानेवारीत गॅलपला पसंती 35 टक्के, त्याच्या आदल्या महिन्यात बेकारी 10.8 टक्के. पुढच्याच वर्षी 50 पैकी 49 राज्यं जिंकला. एवढं एका ओळीत टाक, जास्त पसरू नको, तुझा विषय थॅचर हाय.

अन् लांब कशाला जायलास? 2024 च्या लोकसभेत आपल्या मराठवाड्यातल्या आठपैकी महायुतीला एकच जागा मिळाली, संभाजीनगरची. भाजपला एकही नाही. जालन्यात दानवे पडले, बीडमध्ये पंकजाताई पडल्या. तेव्हा सगळे टीव्हीवाले म्हणायलेत की शेतकरी चिडला, मराठा आरक्षणाचा फटका बसला. मग नोव्हेंबरात विधानसभा झाली अन् त्याच मराठवाड्यात 46 पैकी चाळीसच्या घरात जागा महायुतीच्या. सोयाबीनचा भाव काय वाढला होता? तेव्हा हमीभाव 4892 होता, अन् लोक त्याच्याखालीच विकत होते. ओलावा जास्त म्हणून माल परत, बारदाना नाही म्हणून खरेदी बंद, सगळं तसंच. मध्ये लाडक्या बहिणीचे 1500 सुरू झाले हे खरं, पण सगळं त्याच्यावर ढकलून मोकळं होऊ नको. जून ते नोव्हेंबर या मधल्या महिन्यांत तीच बाई, तोच शेतकरी काय बोलत होता हे किती जणांनी जाऊन विचारलं? निकाल लागल्यावर गेले सगळे. अन् निकालानंतर विचारलं की जिंकलेल्याला मत दिलं म्हणणारी माणसं वाढतात, हे तर तुझ्या पुस्तकातच हाय.

माझं सांगतो. नोटबंदीच्या वेळी मी आपल्या जिल्ह्यातल्या एका दैनिकाला लिहायचो. वसमतकडं एका हळदवाल्या शेतकऱ्याकडं गेलो, बायकोच्या डब्यातल्या नोटा बदलायला दोन दिवस रांगेत उभा राहून आलेला, मजुरांना द्यायला रोकड नाही, अन् म्हणतो काय, "बरं झालं, बड्यांची जिरली." दिलं छापून, लई वाहवा. उन्हाळ्यात मी परत गेलो त्याच्याकडं, स्वतःच्या पैशानं, एसटीनं. आता तो म्हणतो बड्यांचं काहीच गेलं नाही सर, आमचंच गेलं. मग मत बदलणार का विचारलं तर म्हणतो, "मत कशाला बदलू? निदान हात घालायची हिंमत तर केली." मी ते जसंच्या तसं लिहून दिलं. तर डेस्कवरनं फोन, सर हे बाजूनं हाय का विरोधात? अरे दोन्ही हाय, म्हणून तर बातमी हाय. नाही छापलं. त्याच्यानंतर मी त्यांच्याकडं लिहिणं सोडलं. तुझ्या काकू अजून म्हणतात की महिन्याचं मानधन गेलं तुमच्या हट्टापायी. गेलं तर गेलं. मी आजही तेच करीन.

फक्त एक गोष्ट मनात राहिलीय. दुष्काळात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात, ज्या घरांत बसून मी लोकांचं ऐकलं त्यातली कितीतरी घरं नंतर गेलो तर कुलूपबंद. कोण पुण्याला कंपनीत, कोण कारखान्याच्या पट्ट्यात. त्यांना तिथं जाऊन विचारायला पाहिजे होतं, एवढा पैसा माझ्याकडं नव्हता. पण तू हे पेपरात घे, कारण हे कुणी लिहीत नाही, मंदीनं ज्याचं सगळ्यात जास्त मोडतं तोच पत्ता बदलतो, अन् पत्ता बदलला की पाहणीतनं गळतो. मग जे मागं राहिले त्यांच्याच पसंतीचा आकडा आपण देशाची पसंती म्हणून छापतो. तुझ्या दुसऱ्या तक्त्यात किती माणसं गळाली तो रकानाच नाही, तो टाक.

आता बापाकडं जा. लगेच नको, हरभऱ्याची पेरणी उरकू दे. टीव्ही चालू असताना नको, चुलत्यासमोर पण नको, तो बसला की सगळे भाषणच करतात. अन् नेत्याचा प्रश्न आधी काढू नको रे, आधी नेता विचारला की माणूस बाजू घेतो अन् पुढची सगळी उत्तरं त्या बाजूनंच येतात. आधी आडतीची पट्टी मागून घे. वजन, दर, हमाली, तोलाई, मागची उचल वजा करून हातात काय पडलं, हे त्याला वाचून दाखवू दे, तू गप बस. मग विचार, भाव पडला तो कुणामुळं? आडत्यामुळं म्हणेल, पावसामुळं म्हणेल, कदाचित मुंबईच्या सरकारमुळं म्हणेल, दिल्लीचं नाव येईलच असं काही नाही. अन् 2021 ला सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं, मग बाहेरनं सोयापेंड आणायला दिल्लीनं परवानगी दिली अन् भाव खाली आला, हे त्याला आठवत असेल तर ते तो स्वतःहून काढतो का बघ. तू आठवण करून देऊ नको. तुला लई खाज असते आठवण करून द्यायची.

मग सगळ्यात शेवटी नेता. काय म्हणेल ते लिही, त्याच्याच शब्दांत, भावावर शिव्या अन् नेत्यावर माया दोन्ही एकाच पानावर आलं तरी खोडू नको. तुला जे आंधळेपण वाटायलंय ते कदाचित त्याचा हिशोब असेल, कदाचित खरंच आंधळेपण असेल, मी त्याच्या वतीनं बोलत नाही. मला माहीत नाही अन् तुलाही नाही, एवढंच मी म्हणतोय केव्हापासून. तू म्हणशील सर, बापाचीच पाहणी करायची का? हो, करायची. ज्याच्या घरी रोज जेवतोस त्याच्याकडं परत जायचं जमत नसेल तर औशाच्या अनोळखी वाड्यात काय जाणार हायस.

अन् आईला वेगळं विचार, स्वयंपाकघरात, बाप शेताला गेल्यावर. तुझ्या अख्ख्या मेसेजमध्ये तिचं मत काय ते कुठंच नाही, मला तर वाटतं तुला ते अजून माहीतच नाही. गॅस, तेल, बचत गटाचा हप्ता, तिथनं सुरू कर. दोघांची उत्तरं वेगळ्या कागदावर, वर तारीख अन् शेजारी कोण बसलं होतं ते. तोच कागद, तेच प्रश्न, शब्दसुद्धा तेच, तूर निघाल्यावर परत.

पेपरचा दुसरा ड्राफ्ट पाठवशील तेव्हा ते फॉकलंडचं वाक्य काढलेलं पाहिजे. अन् फॉन्ट मोठा कर, मला मोबाईलवर दिसत नाही.

तुझा
सर